बर्फातून चालत कोण गेलं?

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी मनोहर देवस्थळी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून घरात आले, दाराशी बूट काढले आणि स्वयंपाकघरात येऊन बायकोला म्हणाले, "शैलजा, बाहेरचा बर्फ कोणी काढला गं?"

शैलजा पोह्यांना फोडणी देत होती. नवऱ्याला सकाळी सकाळी चेष्टा सुचते हे तिला इतक्या वर्षांत सवयीचं झालं होतं. तिनं मागे न बघताच सांगितलं, "शेजारच्यांनी."

"अरे वा. थँक यू म्हणायला पाहिजे," म्हणत मनोहर खुर्चीत बसले. पोहे परतून होतात न होतात तोच मागून पुन्हा आवाज आला, "शैलजा, बाहेरचा बर्फ कोणी काढला गं?"

तोच सूर, 'गं'वर तीच लकब. शैलजानं गॅस बंद केला आणि वळून पाहिलं. मनोहरच्या हातात ओले हातमोजे होते, आणि ते त्या हातमोज्यांकडे दुसऱ्या कुणाचे असावेत तसे बघत होते.

"अहो, तुम्हीच काढलात ना. आत्ता आलात बाहेरून."

"मी?" ते जरा हसले. "आज वार कोणता?"

"शनिवार."

"मग ठीक आहे. मला वाटलं ऑफिसला उशीर झाला."

मनोहर ऑक्टोबरमध्ये रिटायर झाले होते.

शैलजा नेपरव्हिल या त्यांच्या गावच्या लायब्ररीत काम करते. तिथल्या नोटीस बोर्डावर स्ट्रोकची लक्षणं सांगणारं पोस्टर ती रोज बघायची. तिनं त्यांना दोन्ही हात वर करायला लावले, हसायला सांगितलं, नाव विचारलं, मुलीचं नाव विचारलं. हात वर झाले, हसणं सरळ होतं, "मुलगी नेत्रा, सांता क्लाराला असते, आणि तू मला हे का विचारतेयस?" हेही व्यवस्थित आलं. मग त्यांनी विचारलं, "बाहेरचा बर्फ कोणी काढला गं?" शैलजानं फोन उचलला आणि नाइन वन वन लावला.

ॲम्ब्युलन्समध्ये मनोहर पॅरामेडिकशी छान गप्पा मारत होते. पत्ता बरोबर सांगितला, जन्मतारीख सांगितली. साल मात्र मागचं सांगितलं. हॉस्पिटलमध्ये सीटी स्कॅन झाला, एमआरआयसाठी नंबर लागला, आणि इमर्जन्सीतल्या एका पडदा लावलेल्या कोपऱ्यात त्यांना पलंगावर बसवलं. तिथं त्यांचे प्रश्न गोल गोल फिरू लागले. मला काय झालंय? आज वार कोणता? आणि सोमवारी माझ्या सॉफ्टवेअरची रिलीज आहे, लॅपटॉप आणलायस का?

"अहो, तुम्ही रिटायर झालात."

"काय सांगतेस!" मनोहरचे डोळे मोठे झाले. "खरंच? सुटलो म्हणायचं!" आणि ते उशीवर मागे रेलून इतके समाधानानं हसले, की भीतीनं गळून गेलेली शैलजाही हसली.

थोड्या वेळानं लॅपटॉपची चौकशी पुन्हा झाली. तिनं पुन्हा तेच सांगितलं. "काय सांगतेस! खरंच? सुटलो म्हणायचं!" त्या दिवशी मनोहर कितीदा रिटायर झाले कोण जाणे, पण प्रत्येक वेळी आनंद अगदी कोरा होता. ऑक्टोबरमध्ये खरोखर रिटायर झाले तेव्हा त्यांचं तोंड उतरलेलं होतं, हे फक्त शैलजाला आठवत होतं.

मग एक नवा प्रश्न आला. "दिग्याला फोन केलास का?"

शैलजानं त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

दिगंबर ठोंबरे हा मनोहरचा इथला सगळ्यात जुना मित्र. दोघं सत्याण्णव साली एकाच कंपनीतून अमेरिकेत आले, मनोहर पुण्याहून आणि दिगंबर नागपूरहून. बायका येईपर्यंत एका अपार्टमेंटमध्ये राहिले, एकाच भांड्यात वरण आणि भात आलटून पालटून शिजवले. पुढे घरं घेतली तीही दहा मिनिटांच्या अंतरावर. आणि गेल्या ऑक्टोबरपासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण सांगितलं तर कुणी हसेल. त्या पहिल्या हिवाळ्यात दिगंबरची बायको सुवर्णा भारतातून पहिल्यांदा येणार होती. तिला आणायला दोघं जुन्या टोयोटातून विमानतळाकडे निघाले, वाटेत बर्फाचं वादळ आलं आणि गाडी घसरून रस्त्याकडेच्या बर्फात रुतली. तेव्हा दोघांकडे सेलफोन नव्हता. एक जण गाडीपाशी थांबला आणि दुसरा बर्फ तुडवत लांबच्या गॅस स्टेशनपर्यंत चालत जाऊन टो ट्रक घेऊन आला. गॅस स्टेशनवरच्या म्हाताऱ्यानं त्याला फुकट कॉफी पाजली.

ही गोष्ट मनोहर वर्षानुवर्षं सांगत आले होते. चालत गेले ते मनोहर. नेत्रा लहान असताना झोपताना तीच गोष्ट मागायची. रिटायरमेंटच्या पार्टीत तिनंच आग्रह केला, "बाबा, टेल द स्नो वन." मनोहरनी रंगात येऊन सांगितली, आणि गोष्ट कॉफीपर्यंत आल्यावर दिगंबर मधेच म्हणाला, "मन्या, एक मिनिट. चालत मी गेलो होतो बे. तू गाडीत बसला होतास, हीटर लावून!"

चाळीस माणसं खो खो हसली. नेत्राही हसली. "सो यू वेअर जस्ट सिटिंग इन द कार, बाबा?" ती म्हणाली. तिनं ते प्रेमानंच म्हटलं होतं. पण मनोहरनी हातातली प्लेट खाली ठेवली, आणि त्या दिवसापासून दिगंबरचा फोन उचलला नाही. शैलजानं समजावलं. "माझ्या पायाला झोंबलेली थंडी तो मला सांगणार?" एवढंच ते म्हणायचे. तिकडे दिगंबरही हट्टी. "सॉरी कशाबद्दल म्हणू, वहिनी? चालत मीच गेलो होतो."

आणि आता मनोहर पलंगावर बसून निरागसपणे विचारत होते, "दिग्याला फोन केलास का? त्याला कळलं तर धावत येईल."

शैलजानं पडद्याबाहेर जाऊन फोन लावला.

दिगंबर खरोखरच धावत आला. कानटोपी वाकडी, जॅकेटची चेन उघडी, पायांत घरात घालायच्या सपाता. पडदा बाजूला करून तो उभा राहिला, पण पुढे येईना.

"दिग्या!" मनोहरनी दोन्ही हात पसरले. "ये, ये बाबा. बघ ना, मला काय झालंय कुणी सांगतच नाही."

दिगंबर पुढे झाला. मनोहरनी त्याला मिठी मारली आणि पाठीवर थापटलं. दिगंबरनं मान वळवून शैलजाकडे पाहिलं. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"मन्या, माफ कर," तो म्हणाला. "पार्टीत मी तसं बोलायला नको होतं. इतक्या लोकांसमोर. तुझ्या मुलीसमोर."

"कसली पार्टी?"

"तुझी. रिटायरमेंटची."

"मी रिटायर झालो? काय सांगतोस! सुटलो म्हणायचं!"

दिगंबर हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. मग कॉफी आणतो म्हणून बाहेर गेला. परत आला तेव्हा मनोहरनी पुन्हा हात पसरले. "दिग्या! तू कधी आलास?"

दुपारी न्यूरॉलॉजिस्ट आली. उंच, शांत बाई होती. तिनं मनोहरला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलली आणि मग ते शब्द विचारले. "कसले शब्द?" मनोहर म्हणाले. मग तिनं पुण्याबद्दल विचारलं तर त्यांनी शाळेच्या वर्गशिक्षकांचं नाव आणि घरापासून शाळेचा रस्ता गल्लीबोळांसकट सांगितला.

बाहेर येऊन तिनं शैलजाला आणि दिगंबरला समजावलं. स्ट्रोक नाही. याला ट्रान्झिएंट ग्लोबल ॲम्नेशिया म्हणतात. कधी कधी खूप थंडीत अंगमेहनत केल्यावर होतो, कधी काहीच कारण नसतं. मेंदूत नवी आठवण तयार करणारा एक लहानसा भाग आहे, तो काही तासांपुरता काम थांबवतो. त्यामुळे आत्ताचं काही टिकत नाही, आणि अलीकडचे काही महिनेही सापडेनासे होतात. जुनं सगळं जागेवर असतं. चालणं, बोलणं, माणसं ओळखणं, प्रेम करणं, सगळं.

"बरे होतील?" शैलजानं विचारलं.

"बहुतेक संध्याकाळपर्यंत. मागचे महिने परत येतील. पण आजचा दिवस येणार नाही. तो लपलेला नाही, तो साठवलाच गेला नाही. तो त्यांना तुम्हीच सांगायचा."

दिगंबरनं घसा खाकरला. "डॉक्टर, एक विचारू? पूर्वीची एखादी गोष्ट आहे. दोन माणसं हजर होती. दोघांना ती वेगळी आठवते. दोघंही खोटं बोलत नाहीत. असं होतं का?"

"रोज होतं," ती म्हणाली. "आठवणं म्हणजे कपाटातून वस्तू काढणं नव्हे. आपण ती गोष्ट दर वेळी नव्यानं रचतो आणि रचलेलीच परत ठेवतो. जी गोष्ट सारखी सांगितली जाते, तिला सगळ्यात जास्त हात लागलेले असतात."

"मग खरं कोणाचं?"

"ते मला एमआरआयमध्ये दिसत नाही," ती हसून म्हणाली आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

दोघं आत आले तर मनोहर नर्सशी बोलत होते. तिनं सहज विचारलं होतं, तुमच्या मित्राची आणि तुमची ओळख किती जुनी? आणि मनोहरनी तीच गोष्ट काढली होती. वादळ, टोयोटा, रुतलेली चाकं. दिगंबर पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून ऐकू लागला. शैलजाला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. तो बोलला नाही.

"माझ्या मोज्यात बर्फ गेला होता," मनोहर सांगत होते. "गॅस स्टेशनमध्ये शिरलो तर रॉकेलच्या हीटरचा वास. म्हातारा म्हणाला, बाळा, आधी बस. त्यानं कपात कॉफी ओतली, तर माझा हात इतका थरथरत होता की अर्धी सांडली. आणि मला तेव्हा काय वाटत होतं माहितीये? माझा मित्र एकटा गाडीत आहे आणि त्याची बायको विमानातून उतरली असेल."

नर्स म्हणाली, तुम्ही खूप चांगले मित्र आहात. "आहोतच," मनोहर म्हणाले.

दिगंबर शैलजाला घेऊन पुन्हा बाहेर आला आणि भिंतीला टेकला. "वहिनी, तो रॉकेलचा वास. तो मलाही आठवतो. अगदी नाकात आहे."

"मग तुम्हीच गेला असाल, भावजी."

"तेच म्हणतो ना मी. मी तिथं होतो म्हणून आठवतो, की हा इतकी वर्षं सांगून राहिला म्हणून आठवतो? तीन महिने मी घरी सुवर्णाचं डोकं खाल्लं, मीच गेलो होतो, मीच गेलो होतो. आणि आत्ता याचं ऐकताना मला त्या गाडीत बसल्यासारखं वाटलं. वायपर चालू आहेत, काच धुरकट झाली आहे आणि मी वाट बघतोय, मन्या कधी येतो."

त्यानं सुवर्णाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ती त्या वेळी नातवाला सांभाळत होती, म्हणून हॉस्पिटलमध्ये येऊ शकली नव्हती. "सुवर्णा, तू विमानतळावर उभी होतीस. आम्ही आलो तेव्हा बूट कोणाचे ओले होते?"

"आज हे विचारताय? मनोहर भावजी कसे आहेत ते सांगा आधी."

"बरा आहे. सांग ना."

"दोघांचेही ओले होते," सुवर्णा म्हणाली. "आणि दोघंही एकदम बोलत होते. मला एक शब्द कळला नाही. मी एवढंच बघितलं, की दोघं आले."

संध्याकाळी पाचच्या सुमारास मनोहरचे प्रश्न विरळ होत गेले. आधी वाराची चौकशी थांबली. मग लॅपटॉपची. मग ते कपाळाला आठी घालून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

"शैलजा, मी रिटायर झालोय," ते हळूच म्हणाले.

या वेळी त्यात 'सुटलो' नव्हतं. शैलजानं ओळखलं की नवरा परत आला. तिनं त्यांचा हात हातात घेतला. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेली आणि चेहरा बदलला.

"हा इथं काय करतोय?"

दिगंबर उठून उभा राहिला. सकाळपासून ज्यानं दर वेळी आनंदानं हात पसरले, तोच माणूस आता मान ताठ करून बघत होता. त्याला मागचं सगळं आठवलं होतं, पार्टीसकट.

"तुम्हीच बोलावलंत," शैलजा म्हणाली. "सकाळपासून एकच धोशा. दिग्याला फोन केलास का, दिग्याला फोन केलास का."

"मी?"

"आणि मिठी मारलीत."

"मी याला मिठी मारली?"

"किती वेळा ते मोजलं नाही."

मनोहर अवघडून गेले. आपण काय केलं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं आणि आपल्या आत त्याचा मागमूस नाही, हे त्यांनी कधी अनुभवलं नव्हतं. सकाळी बूट घालून बाहेर पडलो इथवर आठवत होतं. पुढे एकदम हे घड्याळ. मधे नुसती कोरी जागा. तिला कडाही नव्हत्या.

"अजून काय केलं मी?"

शैलजा सांगायला लागली. बर्फाचा प्रश्न, ॲम्ब्युलन्स, पुण्याच्या शाळेचा रस्ता. ते लक्ष देऊन ऐकत होते, मधे मधे "खरंच?" विचारत होते. तिनं 'सुटलो म्हणायचं'ची नक्कल केली तेव्हा ते स्वतःच खुदकन हसले. मग थांबले.

"म्हणजे तुम्ही सांगाल ते मी खरं मानायचं."

"दुसरा इलाज काय?" शैलजा म्हणाली.

दिगंबर पलंगाजवळ आला. "मन्या, सकाळी मी तुझी माफी मागितली. पण ती तुझ्याकडे पोचली नाही म्हणते डॉक्टर. म्हणून परत मागतो. पार्टीत मी बोललो ते चुकलं."

"पण चालत तू गेला होतास, हे तुला अजून वाटतंच."

"सकाळपर्यंत वाटत होतं. आता खात्री नाही. खरं सांगतो, मला आता दोन्ही आठवतं. चाललेलंही आणि बसलेलंही."

मनोहर त्याच्याकडे बघत राहिले. एक अख्खा दिवस आपल्या डोक्यातून असा सरळ निघून जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मग इतक्या वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळबद्दल आपण कशाच्या जोरावर भांडत होतो? त्यांना पायाला झोंबलेली ती थंडी आत्ताही जाणवत होती. पण ती शपथेवर सांगण्याइतकी आपली आहे का, हे त्यांना आता सांगता येईना.

"बस," ते म्हणाले. "आणि पायात सपाता घालून कुठे आलास बर्फातून? न्यूमोनिया होईल."

दिगंबर बसला. तेवढ्यात शैलजाचा फोन वाजला. नेत्रा होती. सकाळपासून ती तासातासाला फोन करत होती. "आई, शुड आय फ्लाय आउट? आय कॅन गेट अ फ्लाइट टुनाइट."

शैलजानं फोन मनोहरच्या हातात दिला. "तूच बोल की बाबांशी."

"नेत्रा बाळा, मी एकदम ओके आहे," मनोहर म्हणाले. "नो, डोंट कम नाऊ. मार्चमध्ये सुट्टी घेऊन ये, तेव्हा मला आठवेल तरी तू आलेलीस." आणि मग, जरा थांबून, "दिगंबर काका इज हिअर. सकाळपासून."

"ओह, बाबा," नेत्रा पलीकडून एवढंच म्हणाली.

मनोहरना त्या रात्री हॉस्पिटलनं ठेवून घेतलं आणि रविवारी घरी सोडलं. पुन्हा असं होण्याची शक्यता कमी असते असं डॉक्टरनं सांगितलं, बर्फ काढायला मात्र मशीन घ्या म्हणाली. मशीन दिगंबरनं जाऊन आणलं. ते कोणी चालवायचं यावर दोघांचा पहिल्याच आठवड्यात वाद झाला, आणि शैलजाला तो ऐकून इतकं बरं वाटलं की ती मुद्दाम चहा करायला रेंगाळली.

मार्चमध्ये नेत्रा आली. दिगंबर आणि सुवर्णा जेवायला आले. शैलजानं मसालेभात केला होता, सुवर्णानं नागपूरकडच्या गोळाभाताचा हट्ट धरून तोही आणला होता, त्यामुळे टेबलावर भातच भात झाला. जेवताना नेत्रानं वडिलांना त्या शनिवारबद्दल विचारलं.

मनोहर खुलले. दोन महिन्यांत शैलजानं तो दिवस त्यांना इतक्यांदा सांगितला होता, की आता तो त्यांना पाठ होता. ते सांगू लागले. हातमोजे, पॅरामेडिक, तीन शब्द. दिगंबरची वाकडी कानटोपी त्यांनी अशी रंगवून सांगितली, की नेत्रा हसून लोळली.

"आणि मला आठवतंय ना," मनोहर म्हणाले, "हा खुर्चीत बसला होता, आणि मागे खिडकीतून बर्फ पडताना दिसत होता. मोठे मोठे पुंजके, कापसासारखे."

शैलजाचा हात वाटीवर थांबला. दिगंबरनं घास खाली ठेवला.

"मन्या," दिगंबर जपून म्हणाला, "तिथं खिडकी नव्हती."

"नव्हती?"

"नव्हती बे. पडदा होता. आणि ती घड्याळाची भिंत."

मनोहरनी शैलजाकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

"पण मला दिसतेय," ते म्हणाले. त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "आत्ताही दिसतेय. उजव्या बाजूला." मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, अगदी पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे मी ती बांधली! अख्खी खिडकी!"

"बाहेर बर्फही पाडलास," दिगंबर म्हणाला.

"बाबा, इट्स अ नाइस विंडो," नेत्रा म्हणाली. "कीप इट."

"ठेवतो," मनोहर म्हणाले. "पण दिग्या, दर वेळी सांगत जा मला, नव्हती म्हणून." आणि त्यांनी गोळाभाताचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.